सातशे यार्ड

धामणखेड्याला मी आलो तोच परत जायच्या घाईत. स्वभावच उतावळा, घरी बायको म्हणायची, यांना जेवतानासुद्धा गाडी सुटत असते. १९५७चा जानेवारी होता. पुलगावहून आर्वीला जाणाऱ्या छोट्या लायनीवरचं हे स्टेशन म्हणजे एक खोली, एक बाकडं, एक कडुनिंब आणि भोवताली वेचणीला आलेली कपाशी. चार दिवसांचं काम होतं. पाचव्या दिवशी बडे साहेब तपासणीला येणार होते आणि त्यानंतर मला पक्की इन्स्पेक्टरी मिळायची होती.

आर्वीच्या बाजूचा सिग्नल स्टेशनपासून सातशे यार्डांवर. तो खांबापाशी जाऊन हातानं पाडावा लागे. गाडीची घंटी आली की हरिदास नावाचा पॉइंट्समन चालत जायचा, साखळी ओढायचा, सिग्नलचा हात खाली पडायचा आणि गाडी आत यायची. दिवसाच्या चार खेपा, एकतीस वर्षं. मी आणली होती ती एक लिव्हर आणि कप्प्यांवरून खांबापर्यंत जाणारी पोलादी तार. स्टेशनच्या ओट्यावर लिव्हर ओढा, तिकडे सिग्नलचा हात पडतो. विहिरीच्या रहाटाइतकी सोपी गोष्ट.

"बरं झालं साहेब," हरिदास म्हणाला. काटक, पंचावन्नचा माणूस. "पाय थकले आता."

पहिल्या दिवशी साडेअकराच्या पॅसेंजरची घंटी आली. हरिदासनं लिव्हर ओढली. तार ताठ झाली, कप्प्या किरकिरल्या, पण सिग्नलचा हात आडवाच राहिला. मी हरिदासवर ओरडलो, मग तारेवर ओरडलो. तेवढ्यात हात आपसूक पडला. संध्याकाळच्या गाडीला तेच. दुसऱ्या दिवशी मी घड्याळ धरलं. लिव्हर ओढल्यापासून नऊ मिनिटं. चारही गाड्यांना नऊ मिनिटं.

तार एक तर ओढते किंवा ओढत नाही. ती वाटेत थांबून पाणी पीत नाही. मी कप्प्या बदलल्या, तेल घातलं, जोड तोडून पुन्हा बांधले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

तिसऱ्या दिवशी मी स्वतः खांबापाशी जाऊन उभा राहिलो. स्टेशनमास्तर बबनरावांनी तिकडून हिरवं निशाण दाखवलं, म्हणजे लिव्हर ओढली गेली होती. तार माझ्यापुढे ताणलेली होती. मी खांबावरचा, तार जोडलेला दांडा दोन्ही हातांनी दाबला, तो हलेना. कपाशीत बाया वेचत होत्या, वारा पडलेला होता. आठ मिनिटं झाली. मग माझ्या पाठीमागे रुळांमधली गिट्टी करकरली, एका लयीत, जवळ जवळ येत. मी वळून पाहिलं. रुळांवर नुसतं ऊन होतं. वळून वर पाहीपर्यंत हात पडलेला होता.

मी हे कोणाला बोललो नाही. बोलून काय, हसू करून घ्यायचं?

त्याच दुपारी हरिदासची बायको कमलाबाई क्वार्टरच्या दारात उभी राहून मला हाका मारू लागली. आत गेलो. भिंतीवर बुद्धाचं नवं चित्र, त्याखाली हरिदास बाजेवर बसलेला.

"पाय पाहा न त्याइचे," ती म्हणाली.

तळवे गिट्टीनं कापलेले होते. ताज्या जखमा, त्यांत काळी धूळ. मी बबनरावांना विचारून घेतलं; तीन दिवसांत हरिदास ओट्यावरून रुळांत उतरला नव्हता.

"घंटी झाली का हे बसल्या जागी गप होतेत," कमलाबाई सांगू लागली. "हाक दिली तं ओ नाई. नऊ मिनटं जायाले, नऊ मिनटं याले. मंग डोये उघडून पाणी मांगतेत. साहेब, आमी दसऱ्याले दीक्षा घेतली. भूत, देव, अंगात येनं, समदं सोडलं. मी तसलं बोलून नाई राह्यली. पन त्याइले चालू द्या, नाईतं ते सिंगल काढा."

"साहेब, मी बसलो तरी चालूनच राह्यलो," हरिदास हळूच म्हणाला. "आता त जास्तच थकतो."

मला त्याची कीव आली, खोटं का सांगू. पण त्याहून जास्त आला संशय. नोकरी जायच्या भीतीनं हा माणूस काही चावटपणा करत असेल, पाय मुद्दाम कापून घेतले असतील, असं मी मनाला समजावलं. मनही लगेच समजलं, कारण त्याला तेच सोयीचं होतं. तपासणी होईपर्यंत हरिदासला सक्तीची रजा दिली आणि नवराबायकोला त्यांच्या मुलीकडे, वडनेरला धाडलं.

"दूर नका धाडू," गाडीत चढताना कमलाबाई एवढंच म्हणाली.

तपासणीच्या आदल्या दिवशी साडेअकराला मी स्वतः लिव्हर ओढली. नऊ मिनिटं झाली. वीस झाली. हात आडवाच. शेवटी बबनरावांनी माणूस पाठवून निशाणावर गाडी आत घेतली. मी हट्टानं लिव्हर ओढलेलीच ठेवली. पडेपर्यंत सोडायची नाही म्हटलं. पुढच्या गाड्याही निशाणावरच घेतल्या.

दिवस गेला. हात पडला नाही.

सकाळी मी चहा घेऊन ओट्यावर आलो. तपासणी दुपारी दोनला होती.

दहा वाजून आठ मिनिटांनी हात पडला.

बबनराव माझ्याकडे पाहत होते. "साहेब," ते म्हणाले, "वडनेर इथून साठ मैल आहे."

मला त्यांचा राग आला. तरी पेन्सिल काढली. नऊ मिनिटांत सातशे यार्ड, तर त्याच चालीनं साठ मैल. साडेबावीस तास. थोडी मिनिटं वर. काल साडेअकरा ते आज दहा-आठ, बरोबर तेवढेच.

पुन्हा मांडलं. तेच आलं.

बाराला वडनेरहून तार आली. हरिदास सकाळी दहाच्या सुमारास वारला.

दोन वाजता बडे साहेब आले. मी लिव्हर ओढली आणि हात त्याच क्षणी पडला. पुन्हा ओढली, पुन्हा तसाच. साहेबांनी पाठ थोपटली. मी सिग्नल ठीक असल्याच्या दाखल्यावर सही केली. सही नीट आली.

मी माणूस मारला, हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी सही केली.

पंधरा दिवसांनी उरलेली हत्यारं न्यायला गेलो तेव्हा कमलाबाई बाकड्यावर बसली होती. पेन्शनचं विचारायला आली असेल म्हणून मी कागद काढू लागलो. तिनं हातानंच नको म्हटलं. रडलीही नाही.

"पह्यले जात होते, पन येत होते," ती म्हणाली. "आता तुमच्या सिंगलचा हात लगेच पडते म्हनतेत."

"हो."

"म्हंजे ते तिथंच उभे राह्यतेत."

आर्वीकडून गाडीची घंटी झाली. बबनरावांनी आतून येऊन लिव्हर ओढली आणि दूरवर हात पडला.

"साहेब, तुमी सही केली न, मंग तुमालेच मालूम असन. ते सिंगल किती वर्सं चालते?"

खोटं सांगायचं मनात आलं. पण तिच्यासमोर ते जमलं नाही. पुस्तकात होतं तेच सांगितलं. चाळीस वर्षं.

तिनं बोटांवर मोजलं, चुकलं म्हणून पुन्हा मोजलं.

"मंग त्याइची ड्यूटी सुटन तवा," ती म्हणाली, "घरी मी नाई राह्यची."