सहावं मशीन

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमच्यावर. पण संघदीप माझा सख्खा मावसभाऊ, आणि लीलामावशीला त्या दिवशी काय झालं ते मी तिच्याच तोंडून ऐकलंय. यात पदरचं काही नाही.

रात्र नव्हती. मे महिन्यातली भर दुपार होती. वाशिमच्या एका खासगी दवाखान्यातली गोष्ट.

संघदीप मेडशीचा. दवाखान्यातलं कॉम्प्युटरचं सगळं तोच बघायचा. तळघरात एकच मोठा सर्व्हर होता आणि त्याच्या पोटात पाच व्हर्च्युअल मशीन चालायची. म्हणजे डबा एक, पण आत पाच वेगवेगळे कॉम्प्युटर. बिलाचा एक, औषधांचा एक, असे. प्रोसेसर, म्हणजे काम करणारा मेंदू, मात्र सगळ्यांत मिळून एकच. गर्दी झाली की आधी कोणाला द्यायचा, हे संघदीपने ठरवून ठेवलं होतं. आयसीयूचं मशीन सगळ्यांच्या पुढे. बाकीची मागे.

त्या दिवशी आयसीयूत त्याची स्वतःची आई होती. लीलामावशी. धाप लागली म्हणून सकाळीच आणलेली. तिच्या खाटेजवळचा मॉनिटर दुरुस्तीला गेला होता, म्हणून तिचे ठोके आणि ऑक्सिजन त्या आयसीयूच्या मशीनमधून फक्त सिस्टरच्या टेबलावरच्या स्क्रीनवर दिसत होते.

दुपारी मंजुषा सिस्टरचा फोन आला. स्क्रीन अडकत चाललीय, जरा बघ म्हणाली.

संघदीप तळघरात उतरला. सर्व्हरचे पंखे नुसते घोंघावत होते. त्याने स्क्रीनवर पाहिलं.

पाच मशीन नव्हती...

सहा होती.

सहाव्याला नाव नव्हतं. आणि जवळजवळ अख्खा प्रोसेसर तेच खात होतं. त्याची प्रायॉरिटी सगळ्यात वर. आयसीयूच्याही वर.

त्याने ते सगळ्यात खाली ढकललं.

ते पुन्हा वर आलं.

पुन्हा खाली. पुन्हा वर.

शेवटी त्याने ते मशीन बंदच केलं. त्याचा हात माऊसवरून निघायच्या आत... ते आपोआप सुरू झालं.

आणि पंख्यांचा आवाज थांबला. एकदम.

दिवे लुकलुकत होते, सर्व्हर चालू होता. पण आवाज म्हणून नाही. त्या शांततेत त्याला मागून श्वास ऐकू आला... ओढून ओढून घेतलेला. छातीत कळ असल्यासारखा.

मागे कोणी नव्हतं.

त्याने त्या सहाव्या मशीनची खिडकी उघडली. काळी स्क्रीन. तिच्यावर एकेक अक्षर उमटत गेलं...

'मले मांगं काहून ठेवलं'

मला मागे का ठेवलं, असं कोणीतरी विचारत होतं. खाली दुसरी ओळ आली...

'आता तुयी माय मांगं'

तो धावत सुटला. जिन्यात कोणीतरी त्याला खांद्याने ढकललं. चांगला भिंतीवर आपटला तो. पण जिना रिकामा होता.

वर मंजुषा निवांत बसली होती. स्क्रीन दाखवत म्हणाली की आता काही अडकत नाही, ठोके ठीक आहेत, ऑक्सिजनही ठीक आहे.

"स्क्रीन सोड ताई. मायले पाह्य आधी."

तिने पडदा सारला. मावशीचे ओठ निळे पडले होते. तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क फरशीवर पडलेला. स्क्रीनवरचे आकडे केव्हाचे थिजले होते, त्याच जुन्या आकड्यांवर.

डॉक्टर धावत आले. मावशी वाचली. अगदी थोडक्यात.

संध्याकाळी तळघरातलं सगळं ऐकून मंजुषाने त्याला राजपालचं सांगितलं. संघदीपच्या आधी हे काम राजपाल करायचा. ड्युटीवर असतानाच त्याच्या छातीत कळ आली. आयसीयूत एकच खाट रिकामी होती, आणि ती कोण्या मोठ्या माणसासाठी धरून ठेवलेली. राजपाल बाहेरच्या बाकड्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिला, मले आधी घ्या. तिथेच गेला. सर्व्हरमध्ये त्याचं एक वेगळं मशीन होतं. तो गेल्यावर ते पुसून टाकलं.

नंतर अकोल्याहून जाणकार माणूस बोलावला. त्याने सर्व्हर पूर्ण तपासला. मशीन पाचच. त्या दिवशी सहावं चालल्याची खूणसुद्धा नाही.

संघदीपने ती नोकरी सोडली.

मावशीला यातलं कोणी काही सांगितलं नव्हतं. राजपाल हे नावही तिला ठाऊक नाही. पण घरी आल्यावर एक दिवस तिनेच विचारलं.

"तो मानूस कोन होता रे? माह्या तोंडावरचा मास्क काढून घेतला त्यानं. म्हने, सरका बाई, आधी मी."



आता मावशीची तब्येत बरी आहे. गेल्या महिन्यात मी मेडशीला गेलो होतो. ती अंगणातून घरात येत होती. दारात आली आणि थांबली...

एका बाजूला सरकली...

कोणाला तरी आत जाऊ दिलं.

मग स्वतः आली.

रोज असंच करते, एवढंच संघदीप म्हणाला.

मी मुक्कामाला म्हणून गेलो होतो. संध्याकाळच्या एसटीने परत आलो.