पाच बहिणींची लग्नं

जुन्या नोंदवह्यांच्या खोलीत तिने मांडणीवरून एक जाड वही ओढली, आणि त्या फटीतून... दोन डोळे तिच्याकडे बघत होते.

ती किंचाळली. वही धपकन तिच्या पायावर पडली.

“वहीला लागलं का?” पलीकडून आवाज आला.

“पाय माझा आहे!”

“पाय बरा होतो हो. वही शंभर वर्षांची आहे.” तो वळसा घालून आला. भुवयांवर धूळ, कानामागे पेन्सिल. इथला अभिलेखपाल. “आणि वाचकांनी आत यायचं नसतं.”

“मग मघापासून इथे कोण फिरतंय?”

“मी तर आत्ताच आलो...” दोघांनी एकदमच मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. ओल शोषणारं यंत्र तेवढं धापा टाकत होतं.

आईच्या साठीला वंशावळ भेट द्यायची म्हणून ती दर शनिवारी येऊ लागली. पेन वापरायला बंदी, म्हणून तो पेन्सिलीला टोक करून द्यायचा. ती मुद्दाम टोक मोडायची.

“जोर जरा जास्तच आहे तुझ्या हातात,” तो म्हणायचा. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, त्याची नोंद मात्र कुठेच नव्हती.

पण नोंदी जुळवता जुळवता तिच्या अंगावर काटा आला. पणजी आणि तिच्या चार बहिणी. विवाहाच्या वहीत पाच तारखा, मृत्यूच्या वहीत पाच नवरे. कुणी लग्नानंतर तीन महिन्यांनी गेलेला, कुणी पाच आठवड्यांनी. एकही वर्षभर टिकला नव्हता.

नेमकं त्याच दुपारी त्याने विचारलं, “माझ्याशी लग्न करशील?”

तिने पाचही ओळी त्याच्यासमोर सरकवल्या. “नाही. तू जगायला हवास.”

“तुझे आजोबा?”

“आजी त्यांना सोडून आली, म्हणून वाचले.”

“बाबा?”

“मी आईच्या पोटात होते, तेव्हाच गेले.” खोलीतला गारठा मानेवर कुणी फुंकर घालावी तसा सरकला.

पुढच्या शनिवारी ती फक्त कागद न्यायला आली. तो शाळेचं दाखलपुस्तक उघडून तिची वाटच बघत होता.

“हे बघ, पणजीचा थोरला. पहिलीत नाव घातलंय. आणि पणजीचं लग्न? त्यानंतर दोन वर्षांनी!”

“काय बोलतोयस!”

“तुझ्या पणजीची बदनामी नाही करत. लग्नं आधीच झाली होती गं. तेव्हा नोंदवण्याची सक्ती नव्हती. नवरा अंथरुणाला खिळला, वाचत नाही असं दिसलं, की घाईने नोंद करायचे. बायकोला घरातून कुणी हुसकावू नये म्हणून. या वहीत नोंदीचीच तारीख आहे. आपण तिला लग्नाची समजलो.”

म्हणजे लग्नामागून मरण आलं नव्हतं. मरण दारात आलेलं पाहून त्या माणसांनी बायकोचा विचार केला होता. तिचे डोळे भरून आले.

“पाचही जणी अशाच?”

त्याने पाचव्या ओळीवर बोट ठेवलं. “...चार. धाकटीचं लग्न खरंच त्याच दिवशी झालं, शेऱ्यात तसं लिहिलंय. नवरा तेवीस वर्षांचा. एकोणीस दिवसांनी गेला. मृत्यूचं कारण... रकाना कोरा आहे.”

“हे लपवता आलं असतं तुला.”

“आलं असतं. मग जन्मभर तुझ्याशी खोटं बोलत बसलो असतो.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. कान लाल झालेले, ओठ कोरडे पडलेले.

“घाबरलास?”

“हो. जाम.”

“मीपण.” तिने आपला गार हात त्याच्या हातात दिला. “पण लग्न नोंदवायचं ते धडधाकट असताना. आजारपणाची वाट बघायची नाही.”

“आणि एकोणीस दिवस?”

“रोज सकाळी तुला हलवून उठवीन. तुझ्या झोपेचं खोबरं!”

“विसाव्या दिवसापासून तरी झोपू देशील?”

“बघू...”

तो हसला. तेवढ्यात आतल्या रांगेत कुणीतरी सावकाश पान उलटलं. त्याची बोटं तिच्या बोटांभोवती घट्ट आवळली.

तिने मागे वळून पाहिलं नाही. ती त्याच्याकडेच बघत होती.