दुबईची गाडी आणि मोगऱ्याचं पाणी

मोगऱ्याच्या वाफ्यात येणारं पाणी मधेच आटलं, तशी मी फावडं उचलून पाटाच्या कडेकडेने तावातावाने निघाले. दोन हजार पाच सालचा उन्हाळा होता. आमच्या निर्मळ गावात विजेचा काही भरवसा नसायचा. पंप बंद पडायच्या आत सगळी वाडी भिजवायची होती, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी पाणी अडवलं होतं.

बघते तर काय... केळी वाहणाऱ्या सायकली जातात त्या बोळात, आमच्या पाटावर, एक लालभडक चपटी गाडी पोट टेकून बसलेली. पाट दबून पाणी सगळं रस्त्यावर. शेजारी एक उंच तरुण कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत होता.

“ही आमच्या पाटावरून काढा,” मी म्हणाले.

“काढतो ना... तिला जरा जमिनीची ओढ आहे.”

“तिला असेल. माझ्या मोगऱ्याला पाण्याची आहे.”

तो हसला. हसताना त्याचा एक खांदा थोडा खालीच राहिला. मी रागात होते, तरी तेवढं माझ्या नजरेतून सुटलं नाही.

फळ्या घालून, धक्के मारून गाडी निघाली, तोवर सगळी माहिती कळली. हा शेजारच्या मंदाकाकींचा भाचा, नायगावचा हर्षवर्धन. विशीत दुबईला गॅरेजमध्ये कामाला गेला. तिथे कुणीतरी त्याला शर्यतीच्या गाडीत बसवलं आणि पुढची काही वर्षं तो ट्रॅकवरच राहिला. मग एका वळणावर गाडी उलटली, खांदा मोडला. आता दुबईतच त्याची स्पोर्ट्स कारची शोरूम होती. ही लाल गाडी मुंबईच्या गिऱ्हाइकाला द्यायला तो स्वतः आला होता आणि त्याआधी आत्याला दाखवायला इथवर घेऊन आला होता. हौस बघा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वारी वाडीत हजर. कालची भरपाई म्हणून पाणी लावून देतो म्हणाला. मी त्याच्या हातात फावडं दिलं आणि चहा ठेवायला गेले. परत येते तर पठ्ठ्याने सगळ्या वाफ्यांची तोंडं एकदम उघडून ठेवलेली! पाणी चहूकडे पसरलं होतं आणि टोकाचा मोगरा कोरडा ठणठणीत.

“सगळ्यांना एकदम दिलं की लवकर उरकेल, असं वाटलं...”

“एक वाफा भरू द्यायचा. मग त्याचं तोंड मातीने बंद करायचं. मग पुढचा.”

“आणि तोपर्यंत?”

“तोपर्यंत उभं राहायचं.”

“नुसतं?”

“नुसतं.”

“हे आपल्याला जमणार नाही बाबा,” तो म्हणाला. पण रोज संध्याकाळी येऊ लागला.

उभ्या उभ्या बोलणं व्हायचं. वाळवंटातला रस्ता कसा दिसतो, वेगात पोटात काय होतं... मी विचारत राहायचे, तो सांगत राहायचा. माझे पाय पाण्यात आणि मन कुठल्या कुठे. तो मात्र मधेच वाफा भरताना बघत बसायचा. दिवसभर मला घरात थारा नसे. दोनदा आमटी खारट झाली. बाबांनी दोन्ही वेळा ताट संपवलं.

त्याच्या विमानाच्या आदल्या संध्याकाळी मी ठरवून टाकलं होतं. तो विचारणार – ‘येतेस माझ्याबरोबर?’ – आणि मी हो म्हणणार.

त्याने वाफ्याचं तोंड अगदी नीट बंद केलं. म्हणाला, “विनिता... मी शोरूम विकतोय. इथेच येतो. तुझ्याजवळ. मला आता पळायचं नाहीये.”

हो म्हटलं तर तो मिळणार होता, पण माझं निघणं कायमचं राहणार होतं. नाही म्हटलं तर तोच जाणार होता.

“आवडलं नाही तुला,” तो हळूच म्हणाला.

“तू आवडतोस. फार आवडतोस... पण मी तुझी वाट बघत होते ती तू मला इथून नेशील म्हणून. मी जन्मापासून इथेच उभी आहे, हर्ष.”

पुढचा वाफा भरून वाहू लागला तरी दोघांपैकी कुणीच फावडं उचललं नाही. शेवटी केळीतून बाबा लंगडत आले आणि त्यांनीच पायाने माती लोटून पाणी वळवलं.

“लहानपणापासून ही पाणी लावताना रस्त्याकडे तोंड करून उभी राहते,” ते त्याला म्हणाले. “मला वाटायचं, माझ्या गुडघ्यांमुळे जायचं बोलत नसेल. वाडी मी आणि मंदा बघू. आधी मंदाशी तुमच्या लग्नाची बोलणी करतो, मग काय ते ठरवा.”

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. हर्षवर्धन माझ्याकडे वळला.

“पासपोर्ट आहे?”

“तीन वर्षं झाली काढून. अजून एकही शिक्का नाही.”

“बरं... मग शोरूम राहू दे. पण काही वर्षांनी मी इकडे परत यायचं म्हटलं तर?”

“तेव्हा भांडू,” मी म्हणाले आणि बाबांच्या देखत त्याचा चिखलाने भरलेला हात धरला.