चारशेच्या वरचे घोडे

मंगळावरच्या करवीर-दोन या घुमटात चार हजार माणसं राहत होती आणि पेट्रोलवर चालणारी गाडी एकच उरली होती. ती आबा मगदुमांची. वर्षातून एकदा, घुमटाच्या स्थापनादिनी, ती सहा फेऱ्या मारायची. उरलेलं वर्ष लोक त्या सहा फेऱ्यांबद्दल बोलायचे.

त्या फेऱ्यांआधीच्या तपासणीला हवा-निरीक्षक शलाका हिरेमठ आबांच्या कार्यशाळेत आली होती. चोरी सापडली नाही की तिचा संशय दुप्पट व्हायचा, आणि आबांकडे आजवर काहीच सापडलं नव्हतं.

गाडीची मागची चाकं शक्तिरुळांवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या फिरत्या दंडगोलांवर होती. चाकं रूळ फिरवत आणि पडद्यावर अश्वशक्ती उमटे. मर्यादा चारशे घोड्यांची. कारण, एक घोडा जितका प्राणवायू खातो तितक्यात वीस माणसं जगतात. मर्यादा ओलांडणारी गाडी भट्टीत जाई. आबांच्या भावाची गेल्याच वर्षी गेली होती.

रुळांवरच्या पहिल्या फेरीत आकडा आला तीनशे शहाण्णव. अर्ध्या तासानं दुसरी फेरी झाली, चारशे चार. आणखी अर्ध्या तासानं तिसरी. चारशे अकरा.

शलाका आबांकडे वळली. "दाब वाढवलात."

"मॅडम, आईशप्पत, हात बी लावला न्हाई!"

"आबा, मला शिकवू नका. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात हवा कोंबतो. दुप्पट हवा कोंबली तर दुप्पट पेट्रोल जळतं आणि घोडे दुप्पट. म्हणजे घोडे वाढले तर हवा वाढली, आणि हवा वाढली तर कुणीतरी दाब वाढवला. इथं तुमच्याशिवाय आहे कोण?"

"तुमी हाय की," आबा म्हणाले.

तिनं दाबाच्या झडपेवरचं सील पाहिलं. शाबूत. इंजिनातल्या दाबाची नोंद पाहिली. तिन्ही फेऱ्यांत केसाचाही फरक नव्हता. चोरून जास्तीचा प्राणवायू सोडणारी बाटली कुठं लपवली आहे का म्हणून ती सीटखाली शिरली. तिथं चिवड्याचा डबा निघाला. तिनं तोही हुंगला.

"घ्या की मूठभर," आबा म्हणाले. "संशय घेऊन घेऊन भूक लागली आसंल."

तिनं मूठभर घेतला आणि चावता चावता थांबली. इंजिनातला दाब तोच, पेट्रोल तेच. मग घोडे आले कुठून? रूळ आणि पडदा यांच्यामध्ये असतं काय?

"आबा, रुळाचा आकडा थेट पडद्यावर येतो का?"

"न्हाई वं. समतोल-गुणक लागतो मधी. पृथ्वीवरची जुनी रीत. हवा पातळ असली की गाडी मार खाते, मग तो आकडा जरा वाढवून दावतो. गरिबावर अन्याय नको म्हणून."

"पण टर्बोवाली गाडी मार खातच नाही! हवा पातळ झाली तर झडप पंख्याला जास्त फिरवते आणि इंजिनातला दाब होता तेवढाच ठेवते. वर हा गुणक पुन्हा भरपाई देतो. एकाच दुखण्याला दोन औषधं."

"म्हंजी माझी गाडी...?"

"तीनशे शहाण्णवच. तिन्ही वेळा." शलाकाला हे कबूल करताना मनापासून वाईट वाटलं. आणि मग तिनं हातातला उरलेला चिवडा डब्यात परत टाकला. गुणक वाढला, तो हवा पातळ झाली म्हणून. एक फेरी दहा सेकंदांची. तेवढ्यात गाडीनं खाल्लेल्या हवेनं घुमट काही रिकामा होत नाही.

तिनं शक्तिरुळाचा स्वतःचा हवामापक उघडला. तासाभरात हवेचा दाब चार टक्के उतरला होता. कार्यशाळेचं दार सताड उघडं होतं. इथली हवा तीच घुमटाची हवा.

तिनं नियंत्रण कक्षाला फोन लावला. देवरुखकर नावाचा अधिकारी ड्यूटीवर होता.

"घुमटाला गळती आहे."

"छे हो मॅडम. भिंतीवरच्या पडद्यावर बघा ना. दाब शंभर टक्के."

"किती दिवस शंभर आहे?"

"दोन वर्षं झाली. आधी खालीवर व्हायचा, लोक उगाच घाबरायचे. आता आम्ही सुधारून दाखवतो."

"सुधारून म्हणजे कसा?"

"प्रमाणित हवेला जुळवून. जुळवला की तो शंभरच येतो."

"देवरुखकर, मूळ आकडा बघा!"

"त्याला लेखी अर्ज लागतो. सात कामाचे दिवस."

"आणि लोकांना निवाऱ्यात न्यायचं असेल तर?"

"भिंतीवर शंभर असताना? भोंगा वाजणारच नाही. हां, एखादी गाडी चारशेच्या वर गेल्याचं तुम्ही लिहून दिलंत तर लगेच. त्यात चर्चा नसते."

शलाकानं फोन हातानं झाकला. अकरा वर्षांच्या नोकरीत तिनं लोकांचे हजार खोटे आकडे पकडले होते. स्वतः एकही लिहिला नव्हता.

"आबा, गाडी निर्दोष आहे."

"मला ठावं हाय."

"मी चारशेच्या वर लिहिलं, तर ती भट्टीत जाईल. नंतर खरं काय ते कळेलही, पण तोवर..."

आबांनी बॉनेटवर पंजा पसरला. भावाची गाडी वितळली तेव्हा ते दोन दिवस जेवले नव्हते.

"घुमटात माणसं किती?"

"चार हजार."

"मशीन काय म्हनतंय?"

"चारशे अकरा."

"भट्टीतच जायची आसंल, तर चारशे अकरानं कशाला?" आबा म्हणाले. "सातशे लिवा."

शलाकानं तपासणीपत्रावर सातशे लिहिलं, खाली सही केली आणि पाठवून दिलं. फोनमध्ये देवरुखकर "बाप रे!" म्हणाला आणि भोंगा सुरू झाला, पाठोपाठ सातशेची घोषणाही.

निवाऱ्याकडं धावणारी माणसं आबांच्या नावानं बोटं मोडत होती. "सातशे काढले म्हाताऱ्यानं! सातशे!" शलाका आबांना दंडाला धरून ओढत होती, उतरत्या दाबानं कानांना दडे बसले होते, पण आबा काही केल्या पळेनात. ते छाती काढून, सगळ्यांचं बोलणं आपल्याला नीट ऐकू येईल अशा बेतानं चालत होते.