पाचवी टीप

पडद्यावरचा हात वर आला, हनुवटीखाली गेला आणि एका हिसक्यात त्यानं तोंडावरचा मुखवटा उपटला. छत्तीस मीटर खोल पाण्यात!

"परत लाव," डॉ. यशोधरा बिवलकर म्हणाल्या.

अँड्र्यू घोन्साल्विसनं ती मूक चित्रफीत सातव्यांदा लावली. अँड्र्यू सागरतळ अभ्यासणाऱ्या या तरंगत्या प्रयोगशाळेचा उपकरण-अभियंता, वसईचा, तोंडानं फटकळ. यशोधराबाई प्रयोगशाळेच्या प्रमुख, चेतातज्ज्ञ म्हणजे मेंदूच्या अभ्यासक, वय वर्षं एकोणसाठ. आणि पडद्यावरचा तो हात निशांत पागधरेचा. चारशे बुड्या मारलेला पाणबुड्या! परवा सोबत्यानं ओढून वर आणलं म्हणून वाचला. नळकांड्यात नऊ टक्के हवा शिल्लक होती, म्हणजे चांगली अकरा मिनिटांची. आणि इस्पितळात शुद्धीवर आल्यावर हा बाबा पोरांच्या शपथा घेऊन सांगत होता, की मुखवटा मी काढलाच नाही.

"सरळ खोटं बोलतोय," अँड्र्यू म्हणाला.

"नाही रे. त्याचे डोळे बघ. हात वर जातोय तेव्हा तो हवामापक वाचतोय. हात त्यानं पाठवलेलाच नाही."

"मग काय, हात आपला आपण गेला? बाई, चेष्टा करताय का गरिबाची?"

"सकाळी सदऱ्याच्या गुंड्या लावताना तू विचार करतोस? हजार वेळा केलेलं काम मेंदू वरच्या मजल्यावर ठेवतच नाही, तळघरात टाकून देतो. मग नुसती खूण मिळाली की हात हलतो, आणि मालकाला नंतर पत्ता लागतो. याला आम्ही सवयचाप म्हणतो. आधी खूण, मग हालचाल, मग बक्षीस. मला कळत नाही ते एवढंच, की मुखवटा उपटायचा सराव या मुलानं हजार वेळा केला कुठे?"

भिंतीवरच्या ध्वनिक्षेपकातून कुणीतरी गुणगुणत होतं. ती हर्षाली तांडेल. ती आत्ता खाली, अडतीस मीटरवर, स्पंजाचे नमुने बरण्यांत भरत होती. उपकरणात दोष सापडला नाही म्हणून काम थांबवलं नव्हतं, आणि निशांत नसल्यामुळे ती एकटीच उतरली होती. परवानगी यशोधराबाईंचीच होती.

अँड्र्यू एकाएकी खुर्चीत बसला. "बाई, तुम्ही 'डोहतळ' खेळता?"

यशोधराबाईंनी चित्रफीत थांबवली.

'डोहतळ' हा फुकटातला मारामारीचा खेळ, आणि अवघड म्हणजे अवघड! डोळ्यांवर पडदाचष्मा, हातांत स्पर्शमोजे, आणि समोर बुडालेलं शहर. आपण पाण्याखाली राक्षसी खेकड्यांशी लढायचं. आठ महिन्यांपूर्वी, जेवणाच्या सुट्टीत सगळे पाणबुडे हवेत हात मारताना दिसायचे, म्हणून यशोधराबाईंनी कुतूहलानं तो उतरवून घेतला. पहिल्या दिवशी त्या त्रेचाळीस वेळा मेल्या. इतक्या चिडल्या, की त्याच रागात त्यांनी 'बुडालेली मावशी' या टोपणनावानं एक लेख लिहून टाकला. 'नवख्यांसाठी, आणि ज्यांच्या बोटांनी पन्नाशी ओलांडलीय त्यांच्यासाठी.' त्यात लिहिलं होतं, की खेळ फुकट आहे म्हणून हुरळू नका, पहिल्याच तासात सगळी अब्रू जाते. खेकडा दिसला की पळा, आणि लहान दिसला तर दुप्पट पळा, कारण त्याची आई मागेच असते. लेख चार लाख लोकांनी वाचला. त्यातले निम्मे तरी आजी-आजोबा होते. या कानाचं त्या कानाला कळू न देता बाई मनातून फुशारल्या होत्या.

"ऐका," अँड्र्यू हातातला पडदा चाळत म्हणाला. "पाचवी टीप. 'हवा दहा टक्क्यांवर आली आणि ती कर्कश शिटी सुरू झाली, की पोहत बसू नका. मुखवटा उपटा आणि मरा! क्षणात तळावर जागे व्हाल, नळकांडं काठोकाठ भरलेलं. मी दिवसाला पन्नास वेळा मरते आणि मजेत आहे.' कोण भवानी आहे देव जाणे. पोरं हिच्या पायाचं तीर्थ घ्यायची बाकी आहेत!"

"मी," यशोधराबाई म्हणाल्या.

"काय मी?"

"ती भवानी मीच."

अँड्र्यूनं हातातला पडदा खाली ठेवला.

"खेळातली शिटी आणि आपल्या मुखवट्यातली शिटी एकच आहे?" त्यांनी विचारलं.

"आपली कसली, बाई? एकाच कारखान्याची आहे, देशभर. हवा संपत आली की ओरडायला जिथं काहीतरी लागतं, तिथं हीच बसवतात. खेळ खरा वाटावा म्हणून त्यांनी तीच उचलली."

"वाजव."

अँड्र्यूनं कपाटातला सुटा मुखवटा काढून दोन्ही हातांत धरला आणि कळ दाबली. शिटी किंचाळली. यशोधराबाईंचा उजवा हात टेबलावरून उठला आणि हनुवटीखाली जाऊन हवेत हिसका मारून आला.

"अगं बाई गं!"

"मुद्दाम केलंत?"

"नाही रे! थांब. आता मला माहीत आहे. आता हात अजिबात हलवणार नाही. वाजव परत." त्यांनी मूठ आवळून मांडीवर दाबून धरली. शिटी वाजली. मूठ सुटली आणि हात पुन्हा हनुवटीखाली गेला. माहीत असून गेला! आपलाच हात परक्याचा असल्यासारखा बघत बाई उभ्या राहिल्या.

दोघांची नजर एकदमच हर्षालीच्या हवामापकाकडे गेली. तेरा टक्के.

"ती खेळते?"

"मला शिकवलं कुणी मग? तिनंच!"

"शिटी बंद कर इथून."

"होत नाही. मुखवट्याच्या आत मोहोरबंद आहे. कुणी बंद करू नये म्हणूनच तशी केलीय."

"तिला वर घे."

"तिचा चढ-उतार करायचा पाळणा ओढतो, पण नऊ मीटरवर आठ मिनिटं थांबावंच लागेल, नाहीतर रक्तात बुडबुडे होऊन मरेल. शिटी त्याआधी वाजणार. नवं नळकांडं तिथवर पोचायला बारा मिनिटं. आणि दुसरं कुणाला उतरवू? सगळेच खेळतात, बाई!"

सावध करून उपयोग नव्हता, ते बाईंनी आत्ताच स्वतःवर पाहिलं होतं. तिचा हात तिला विचारणारच नव्हता. त्या डोकं धरून बसल्या. पाचवी टीप, पाचवी टीप. मेली ती टीप आणि मेली ती लिहिणारी! आणि एकदम त्यांना नववी आठवली.

'मोठ्या खेकड्याचं अंडं सापडलं, तर दोन्ही हातांनी छातीशी धरा. मग शिटी वाजो नाहीतर आभाळ कोसळो, सोडू नका. सुटलं की दिवसभराची मेहनत पाण्यात.'

म्हणजे हातांना दोन गोष्टी शिकवल्या होत्या. हात रिकामे असतील, तर याच शिटीला ते मुखवटा उपटतात. हातांत अंडं असेल, तर याच शिटीला ते आणखी घट्ट धरतात.

त्यांनी ध्वनियंत्रावर झडप घातली. "हर्षाली, ऐकतेस?"

"ऐकते, मॅडम. काय झालं? आवाज का कापतोय तुमचा?"

"पाळण्यात ये. आधी मोठी गोल बरणी घे, दोन्ही हातांनी छातीशी धर."

"ती पिशवीत ठेवली की."

"काढ! मोठ्या खेकड्याचं अंडं आहे असं समज."

मग खालून हसू आलं. "अय्या, मॅडम, तुम्ही पण खेळता?"

"बये, हसू नकोस. शिटी वाजेल तेव्हा अंडं सुटता कामा नये. एवढंच लक्षात ठेव."

पाळणा नऊ मीटरवर थांबला आणि शिटी वाजायला लागली. पडद्यावर हर्षालीचा उजवा कोपर झटक्यानं वर उचलला गेला. मग बोटं बरणीवर आवळली गेली, दोन्ही हातांची, आणि कोपर खाली आला.

"अंडं, हर्षाली, अंडं!"

"धरलंय! मॅडम, हा माझा हात काय करतोय?" ती आता हसत नव्हती.

आठ मिनिटं बाई घसा फोडून एकच शब्द ओरडत होत्या. अँड्र्यू गळ्यातला क्रूस मुठीत धरून भिंतीकडे तोंड करून उभा होता. दर वेळी हात फडफडायचा आणि दर वेळी बोटं बरणी आवळायची.

वर आल्यावर हर्षालीला बरणी सोडवेना. मुखवटा यशोधराबाईंनी काढला, शिटी अँड्र्यूनं मोहोर फोडून बंद केली. बाईंनी सगळं सांगून टाकलं, टीप माझीच म्हणाल्या आणि रडल्या.

"नववीपण तुमचीच ना," हर्षाली म्हणाली. तिचे दात वाजत होते.

पंधरा मिनिटांत लेख दुरुस्त झाला. पाचवी टीप काढून टाकली, कारण लिहिलं, देशभर हीच शिटी आहे हेही लिहिलं. खाली पहिल्यांदा टिंगल आली. मावशी घाबरली, मावशीचं वय झालं. मग सोलापूरच्या एका बाईचा संदेश आला.

'मावशी, आमच्या मामंजींना घरी प्राणवायू लावलाय. बिछान्यात पडून दुसरं काय करणार, म्हणून तुमचा लेख वाचून ते खेळायला लागले. नळकांडं संपत आलं, शिटी वाजली, की ते मुखवटा उपटतात. आम्ही रागावलो. ते म्हणतात मी काढलाच नाही. आम्हाला वाटलं, त्यांना जगायचंच नाही. काल सगळ्यांनी बसून ठरवलं, की आजपासून लावायचा नाही.'

"आत्ता लावा!" बाईंनी लिहिलं. "त्यांना जगायचंय! शिटी वाजली की दोन्ही हातांत काहीतरी द्या. उशी द्या, नातवंड द्या."

थोड्या वेळानं उत्तर आलं. 'संपत आलेलं नळकांडं लावलं, हातांत नात दिली. शिटी वाजली. हात हलले नाहीत. ती म्हणतेय, आजोबा फार घट्ट धरतात.'

यशोधराबाईंनी डोळे पुसले. मग त्यांनी खालचा, दुसऱ्याच कुणाचा संदेश वाचला.

'मावशी, आमची आईही खेळायची. गेल्या बुधवारी शिटी वाजल्यावर तिनं प्राणवायूचा मुखवटा काढला आणि ती गेली. तिला आता जगायचं नव्हतं, असंच आम्ही सगळ्यांना सांगितलं.'