उलटा करंट

ही खरी घडलेली गोष्ट आहे. प्रभूनं स्वतः सांगितली, आणि प्रभू थापा मारणारा माणूस नाही. निदान मी तसं समजत होतो.

साखरा गाव, तालुका सेनगाव. २००४ चा एप्रिल. रात्र नाही बरं का... भर दुपारचे दोन.

प्रभू लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा. थोरला भाऊ नामाजी असताना दोघं मिळून करायचे. आदल्या वर्षी एका लग्नात खांबावर फोकस बांधताना नामाजीला करंट लागला आणि तो गेला. खाली बटणापाशी प्रभू होता. "दादानं हाक मारलीच न्हाई," असं त्यानं वहिनीला, भागाबाईला सांगितलं होतं.

त्या दुपारी तो एक भोंगा तपासत होता. त्याची कॉईल सारखी जळायची. अ‍ॅम्प्लिफायर करंट देतो तरी किती, हे बघायला त्यानं एक वायर तोडून मधे सुईचं मीटर जोडलं. भोंगा अंगणात, मीटर घरात. कॅसेट लावली. सुई बराबर नाचू लागली.

तेवढ्यात लाईट गेली. लोडशेडिंग.

गाणं थांबलं.

सुई थांबली नाही...

प्रभू मीटरवर वाकून बघू लागला. भोंग्यात तोंड घालून कुणी ओरडलं, तर भोंग्याचाच माईक होतो आणि करंट उलटा येतो, एवढं त्याला ठाऊक होतं. पण अंगणात भागाबाई एकटीच तूर पाखडत होती.

"वैनी, भोंग्यात कोण बोलून राहिलं?"

"कोणीच न्हाई. काहून?"

सुई तीनदा उडाली. थांबली. पुन्हा तीनदा...

बंद. कर. प्रभू.

"दादा..." त्याच्या तोंडून निघून गेलं.

भागाबाईच्या हातातलं सूप पडलं. ती भोंग्यापुढं जाऊन बसली.

"अवो... तुमी हाक मारली होती का?"

तिच्या आवाजानं सुई जराशी हलली. ती गप्प झाली, सुईही पडली.

मग सुई सरळ शेवटच्या आकड्यावर जाऊन आदळली.

प्रभूनं दोन्ही वायरी उपटल्या.

सुई तिथंच...

"भाऊजी, मीटरात काय आलं?"

"काईच न्हाई, वैनी."

त्या लग्नात दादाची हाक त्यानं ऐकली होती. मंगलाष्टकं चालू होती. बटण दाबलं तर माईक बंद पडला असता. एवढं संपू दे, असं त्याला वाटलं. हे त्यानं फक्त मला सांगितलं.

भागाबाई अजून आहे. भेटली की माझ्याकडं टक लावून विचारते, "प्रभू तुमाला काई बोलला का?"

मीही न्हाई म्हणतो.