कमळाकर पाटलांचा बांध

"अहो, वाल आहेत ते! वाल!"

वल्लरी ओरडेपर्यंत सायकल बांधावरून घसरली होती आणि सायकलवरचा तरुण दवानं भिजलेल्या वालांत आडवा झाला होता. उठला तोच मुळी कानावर एक वेल अडकवून.

"सॉरी... बांध बघत होतो मी."

"बांध बघणारे बांधावर राहतात," ती फणकारली. पण त्याच्या कानाकडे लक्ष गेलं आणि हसू काही आवरेना.

तो कळंबोलीचा प्रणित. पनवेलच्या आसपासच्या जुन्या पायवाटा जोडून चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी सलग वाट करणाऱ्या मंडळींपैकी एक. सुकापूरकडची वाट झाली होती, गाढी नदीकाठचीही झाली होती. मधे आड येत होता तो नेमका हा बांध, वल्लरीच्या वडिलांचा. आणि बांधाच्या बाबतीत कमळाकर पाटील सख्ख्या भावालाही बधले नव्हते!

मग दर रविवारी प्रणित त्यांची मनधरणी करायला येऊ लागला. कमळाकर सगळं ऐकून घ्यायचे, चहा पाजायचे आणि "बगू" म्हणायचे. परत जाताना वल्लरी त्याला रस्त्यापर्यंत सोडायला जायची. दोन मिनिटांच्या वाटेला अर्धा तास लागायचा. नदीवर खंड्या पक्षी कुठे बसतो, कुठल्या वळणावर करवंदं पिकतात, हे तो रंगवून सांगायचा, सायकल हातात धरून... आणि ती त्याच्या हातांकडे बघत ऐकायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

एकच गोष्ट तिला सलत होती. हा येतो तो माझ्यासाठी, की बांधासाठी?

एका शनिवारी घरी पोपटी लावली होती, वालाच्या शेंगा मडक्यात भाजायला. मडक्यातल्या गरम शेंगा सोलता सोलता कमळाकर खुशीत म्हणाले, "जाऊ दे गो त्यांना बांधावरशी. पोरगा बरा हाय. सांग त्याला उद्या."

वल्लरीनं हातातली शेंग न खाताच परत मडक्यात टाकली. बांध मिळाला, आता तो कशाला येईल?

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला रस्त्यावरच गाठलं.

"बाबा नाही म्हणाले. अगदी कायमचं." खोटं बोलताना तिचे कान तापले. "आता येऊन उपयोग नाही."

प्रणित सायकलवरून उतरला. "मग... नाल्यापलीकडून न्यावी लागेल वाट. लांब पडेल."

"म्हणजे इकडे यायचं काही कारण उरलं नाही."

"बांधाचं नाही उरलं. बरंच झालं एका अर्थी."

"बरं?"

"आधी बोललो असतो तर काकांना वाटलं असतं, बांधासाठी पोरीला नादी लावतोय. आता बांधच गेला. आता सरळ सांगतो—" त्यानं सायकल स्टँडवर लावली. "मला तू आवडतेस, वल्लरी. फार... फार आवडतेस. काकांना जाऊन सांगू?"

वल्लरीचे डोळे भरून आले. इतका आनंद तिला आजवर कधी झाला नव्हता. तिनं सायकलचं हँडल घट्ट धरलं.

"सांग की. पण... बांधाला ते कालच हो म्हणालेत."

"काय? मग तू आत्ता—"

"मला बघायचं होतं."

"काय बघायचं होतं?"

"बांध नसला तरी तू येतोस का ते."

प्रणित आधी लाल झाला, मग हसत सुटला, मग एकदम कपाळाला हात लावून उभा राहिला. "आता पंचाईत! काका म्हणतील, काल बांध घेतला आणि आज लगेच पोरगी मागायला आला!"

"मग तू नको मागूस," त्याचा हात धरून घराकडे निघत ती म्हणाली. "मागणी मीच घालते."